सात मिनिटांचं कुलूप

"अहो बाई, थांबलाय ना तो? मग घाला हात आणि काढा ती बाटली!" बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले होते.

बाटल्या उचलून खोक्यात ठेवणारा तो यंत्रहात तिने दोन वर्षं खपून बनवला होता. मेकॅट्रॉनिक्सच्या मास्टर्सचं हे शेवटचं प्रात्यक्षिक, पंधरा मिनिटांत चाळीस बाटल्या. सव्विसावी बाटली पकडीत तिरकी अडकली आणि यंत्रहात हवेतच थबकला. घड्याळात सहा मिनिटं उरली होती.

"थांबलाय, बंद नाही झालेला," असं म्हणून ती मेन स्विचकडे निघाली.

वय चव्वेचाळीस, त्यातली वीस वर्षं बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात फिटर. वर्गातली पोरं तिला काकू म्हणायची आणि परीक्षा आली की नोट्ससाठी काकूंच्याच मागे लागायची. कारखान्यातला नियम ती इथेही पाळायची. यंत्रात हात घालायचा तर आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप ठोकायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, मग नळ्यांतली दाबाची हवा सोडायची. एवढं करून यंत्र पुन्हा सुरू व्हायला सात मिनिटं लागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बाई, सहा महिने वाया जातील हो," तिचे गाइड सर जवळ येऊन कळवळून म्हणाले. "एकदाच घाला हात. कोण बघतंय?"

"मागच्या बाकावर दादा बसलाय. तो बघतोय."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पाना कसा धरायचा हे तिला त्यानेच शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या साहेबांनी अशीच घाई केली, त्यानेही एकदाच म्हणून हात घातला, आणि उजव्या हाताची चार बोटं गेली. साहेबांना पुढे बढती मिळाली. त्याचा तिला अजून संताप यायचा, आणि तो संताप जावा असं तिला वाटतही नव्हतं.

तिने कुलूप लावलं. फुस्स करून हवा सुटली आणि यंत्रहात गुमान खाली आला. तिने बाटली काढली. काहीही घडलं नाही. नियम पाळला की हे असंच होतं, लोकांना दाखवायला काही उरत नाही.

"वेळ संपली," परीक्षक म्हणाले. "पंचवीसच बाटल्या. नापास करावं लागेल. एवढ्याशा हट्टापायी?"

"करा की. पण ही पोरं उद्या कुणाची तरी साहेब होणार आहेत. त्यांच्यादेखत 'घाला हात' म्हणू नका."

तिला रडू येत होतं. दोन वर्षांच्या साऱ्या सुट्ट्या यात गेल्या होत्या. पण या माणसासमोर डोळे पुसायचे नाहीत, एवढं तिने ठरवलं.

फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती. दादाला घेऊन ती ऑफिसच्या खिडकीवर गेली आणि तिने फॉर्म भरला. 'अनुत्तीर्ण होण्याचे कारण' या रकान्यात तिने लिहिलं, यंत्र बंद करून मगच हात घातला.

कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या. "असं कुठं लिहितात का? तांत्रिक अडचण लिहा. सगळे तेच लिहितात."

"अडचण कसलीच नव्हती. आहे ते राहू द्या."

"बरं बाई, तुमची मर्जी. खाली साक्षीदाराची सही लागेल."

दादाने पेन डाव्या हातात घेतलं आणि एकेक अक्षर काढायला सुरुवात केली. मागची रांग चुळबुळायला लागली. कारकुनाने घड्याळाकडे बघितलं.

"सावकाश कर, दादा," ती म्हणाली आणि खिडकीसमोरून तसूभरही हलली नाही.