शपथेचं ताम्हण

मी एक जुनं तांब्याचं ताम्हण आहे. चौलच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि आमच्या गावदेवीच्या देवळात मी चाळीस वर्षं फुलं, अक्षता, तीर्थ सांभाळलं. शेजारची कोकिळाबाई दर मंगळवारी चिंच लावून मला घासायची. तेव्हा मी असं लखलखायचं, की स्टीलच्या ताटांकडे मी ढुंकूनही बघत नसे. थोडा गर्व होताच मला.

मित्रांनो, दोन वर्षांपूर्वी पंचायतीची निवडणूक आली. गावकीचे पंच बाबाजी यांचा भाऊ उभा होता आणि त्याच्याविरुद्ध सगुणा. खाडीचा बांध फुटून भातशेतीत खारं पाणी शिरलं, तेव्हा कचेरीचे उंबरठे झिजवून बांध दुरुस्त करून घेतला तो हिनेच. मतदानाच्या आदल्या दिवशी बाबाजींनी सारा गाव देवळात बोलावला आणि माझ्यात नारळ ठेवला.

"हात ठेवा न् बोला, मत आपल्याच मानसाला. जो फिरंल, त्याचं घर देवी बघून घेईल."

एकेक हात नारळावर आला. घामेजलेले, थरथरणारे. मी खालीच होतं ना, प्रत्येक थरथर माझ्यात उतरली. ती अजून जात नाही. भोवती कोणी नसतानाही मला ते हात जाणवतात आणि भीती वाटते.

कोकिळाबाईनेही हात ठेवला. पण तिचं शेत बांधालगत होतं. तिने मत सगुणाला दिलं. मत गुप्त असतं, कोणाला कळलं नसतं. आठवड्याभरात तिचा मुलगा हिरामण तापाने फणफणला आणि बाईचा धीर सुटला. मोडलेली शपथ चारचौघांत कबूल करून नारळ फोडला की ती उतरते, अशी आमच्याकडे रीत आहे. भर देवळात ती रडत म्हणाली, "आई, मत मी सगुनाला दिलंय. चुकी माजी हाय. माज्या पोराला सोड."

हिरामण दवाखान्यातल्या औषधांनी बरा झाला. गावाला मात्र तिचं मत कळलं होतं. बाबाजींनी तिचं घर वाळीत टाकलं. तिच्याशी कोणी बोलेना, तिला देवळाची पायरीही बंद झाली. मी काळं पडत गेलं.

तिची सून क्रांती शिकलेली. देवाच्या कोपाची भीती घालून मत वळवणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं देवळात राहून मला ते ठाऊक नव्हतं, याची लाज वाटते. तिने तक्रार केली आणि पुरावा म्हणून पोलिसांनी मला जप्त केलं.

परवा मला कोर्टात नेलं. कोकिळाबाई साक्षीला उभी होती. कारकून म्हणाला, "म्हणा, देवाशपथ खरं सांगेन."

ती एक पाऊल मागे सरली. समोर बसलेले बाबाजी गालातल्या गालात हसले. आता ही माघार घेणार, असं मला वाटलं.

"सायेब, शपथ नको," ती हात जोडून म्हणाली. "मी तशीच खरं सांगते. परत देवीला मधी न्हाय आनायची."

न्यायाधीशांनी मान डोलावली. शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा चालते, म्हणाले. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगितलं, बाबाजींकडे बघत.

मित्रांनो, निकाल अजून लागायचा आहे. उद्या तुम्हीही मत द्याल. निकालानंतर मला देवळात परत नेलंत, तर माझ्यात फुलं ठेवा, तीर्थ ठेवा. पण घाबरलेल्या माणसाचा हात पुन्हा माझ्यावर ठेवू नका.