पंजाबरावांचं वजन कोणी नेलं?

लॉकडाऊन लागला आणि पंजाबरावांच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढे गेलं. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेला माणूस. गाडी बाजूच्या लूप लाइनवर घेऊन तासन्‌तास थांबायची सवय होती. पण डॉक्टर गीता मॅडम फोनवर म्हणाल्या, "नुसते बसू नका. शरीर जड आहे, भूल आणि जखम दोन्ही त्रास देतील. चाला, डाळ-अंडी खा, वजन उतरवा, आणि श्वासाच्या व्यायामाचा तो गोळ्यांचा डबा ओढा. मग ऑपरेशननंतर लवकर उभे राहाल."

तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या डब्यात पंजाबरावांनी जीव खाऊन फुंकलं. गोळ्या ढिम्म.

"अवो, श्वास आत ओढाचा हाय," बायको हिराबाई म्हणाल्या.

"जिंदगीभर शिटी फुंकली मी. आता उलटी वाजवू?"

चालायचं तर कुठे? छत्तीसगडातल्या त्यांच्या चरोद्याच्या नाक्यावर पोलीस म्हणे, "घर में रहो." मग घरातच स्वयंपाकघर ते अंगण अशा फेऱ्या सुरू झाल्या. एकटं सोडलं की गार्डसाहेब अंगणातल्या बाजेवर टेकत, म्हणून पुढे इंजिनासारख्या हिराबाई. ताटातही दोघांच्या तीच डाळ-अंडी.

पँट ढिली झाली. पंजाबराव खूश. तेवढ्यात शेजारचा देवाजी भिंतीवरून म्हणाला, "काका, लय गळून राहिले तुमी. बिमारी तं नाही खाऊन राहिली?"

इथे सगळा घोटाळा झाला. चालून उतरलेलं वजन आणि रोगानं नेलेलं वजन, कमरेवर दोन्ही सारखीच दिसतात. खरं काय ते कळावं म्हणून पंजाबराव देवाजीच्या घरच्या बेसनाच्या तळलेल्या ठेठऱ्या चोरून खाऊ लागले. तरी पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

शेवटी तारीख मिळाली. दवाखान्यातला काटा पाहून मॅडम म्हणाल्या, "शाब्बास!" पंजाबराव मात्र भिंतीला धरून उभे.

"मले नाही चिरून घ्याचं. आत सगळं पोखरलं."

"नव्या स्कॅनमध्ये गाठ आहे तिथेच आहे, पसरली नाही, काका."

"मशीनले काय समजते? मी चोरून ठेठऱ्या खाल्ल्या, तरी उतरलो!"

"चोरून?" हिराबाई म्हणाल्या. "देवाजीकडचा डबा पहिले माह्याच हाती येते. अर्ध्या मीच खाल्ल्या."

एवढं बोलून त्या चपला काढून स्वतःच काट्यावर चढल्या. लॉकडाऊनआधी, पहिल्या खेपेला वॉर्डबॉयनं पेशंट समजून आधी त्यांनाच इथं चढवलं होतं. जोडपंच तसं अंगानं भरलेलं. तो आकडा त्यांच्या डोक्यात पक्का होता.

"पाहा. माहं तं तुमच्याहून जास्त उतरलं. मंग मले कोणता कॅन्सर झाला?"

पंजाबराव काट्याकडे पाहत राहिले, मग बायकोकडे. मग घाबरून मॅडमकडे वळले.

"मॅडम, पहिले हिले तपासा."

"तुम्ही आत चला, काका. मी तपासते."

या एका अटीवर ते आत गेले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनं त्यांना उभं केलं. वॉर्डात घरच्यांना मनाई. पंजाबरावांनी चरोद्याला फोन लावला.

"हिरा, तू तिथंच फेरीले निघ. तुयाशिवाय माही गाडी हालत नाही."

तिकडे स्वयंपाकघरातून चपला वाजू लागल्या. इकडे वॉर्डात पंजाबराव टाक्यांवर हात धरून निघाले. खिडकीशी पोचले आणि तिकडचा आवाज बंद झाला.

"कावून थांबली? मॅडमनं तपासून काही सांगतलं का तुले?"

"नाही वो. बाजेवर टेकली जराशी."

"ऊठ," पंजाबराव म्हणाले. "मी उभा हाव."