बारूदखान्यातले बारा

१९५६चा सप्टेंबर. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायला जेमतेम सहा आठवडे उरले होते. सरकारी कचेरीतले कारकून रामचंद्रराव यांना औरंगाबादला जाण्याचा हुकूम आला होता. हैदराबादेत काचीगुड्याच्या घरात सामानाची बांधाबांध चालली होती आणि त्यांना एका जागी बसवत नव्हतं. त्यातच साहेबांनी तलावकाठच्या तोफखाना वस्तीचा इतिहास लिहायला सांगितला. एक प्रत इथे राहणार, दुसरी त्यांनी सोबत न्यायची.

जुन्या कागदांत बराकी होत्या, कवायती होत्या. १९३१ साली बारूदखाना, म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, स्फोटात उडाला, नऊ शिपाई ठार. पुढे संस्थानाची फौज मोडली आणि बराकींत बिऱ्हाडं आली.

रामचंद्रराव वस्ती बघायला गेले. बारूदखान्याच्या पडक्या भिंतीशी मनकर्णाबाई राहत होती.

"नऊ न्हाईत, बारा मेले," ती म्हणाली. "तिघं आमचे. पेट्या वाहायला नांदेडकडनं आणलेले. त्यात माझा मालक."

"कागदात तसं नाही, बाई."

"कागद लिव्हणारा त्या दिशी हितं व्हता का? मी व्हते."

ते परतले, पण चैन पडेना. शहरातल्या कोठी भागातल्या रस्त्याने दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात जाऊन त्यांनी तिघांची नावं विचारून लिहून घेतली आणि टिपण वाचून दाखवलं: सूर्यभान, तातेराव, किशन.

"किशनराव लिव्हा," ती म्हणाली. "माझ्या मालकाला जित्तेपणी कुणी राव म्हनलं न्हाई."

त्यांनी तिथेच दुरुस्ती केली.

साहेबांनी मात्र तो मजकूर वाचून लाल पेन्सिल उचलली. "म्हातारीच्या बोलण्यावर सरकारी इतिहास?"

"साहेब, तिनं डोळ्यांनी पाहिलंय."

"इथल्या प्रतीत नक्को. तुमच्या प्रतीचं तिकडे बघा."

तीन नावांवर आडवी रेघ पडली.

निघण्याच्या आदल्या सकाळी रामचंद्ररावांनी मनकर्णाबाईला खरं ते सांगितलं. निदान औरंगाबादच्या प्रतीत नावं राहतील याने तिला बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं.

"मंजी मेले हितं," ती तडकून म्हणाली, "अन् नावं तिकडं?"

त्यांनी आपली प्रत उघडून तिन्ही नावं वाचून दाखवली. ती म्हणाली, "न्या. पर हरवू नका, मास्तर."

ते मास्तर नव्हते. पण त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. औरंगाबादला पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी ती प्रत दाखल केली आणि पोच मागून घेतली.