बाईंचा विराम

नाटक संपलं, टाळ्या संपल्या, आणि ओकसिमबाईंनी पांढऱ्या केसांचा टोप उतरवायच्या आत दिग्दर्शक गिल रंगपटात घुसला.

"बाई, तुम्ही होतात म्हणून, नाहीतर शेवटच्या प्रयोगाचे बारा वाजले होते! मी बाहेर पाहुण्यांच्या सरबराईत. दिव्यांवरची पोरं सांगतायत, मानबोककाका आलेच नाहीत. तुम्ही नुसत्या थांबलात, थांबलात, आणि सरळ पुढच्या प्रवेशावर गेलात. प्रेक्षकांना पत्तासुद्धा नाही!"

मानबोक दारातच उभा होता, मिठवाल्याच्या वेशात, पाठीवर पोतं. त्याने बाईंकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "डोळा लागला हो. वय झालं."

वय झालं म्हणे! अहो, हा माणूस जन्मभर सोलच्या नाटकघरांत विंगेत उभा राहिलेला. कधी मिठवाला, कधी हवालदार, कधी नुसतंच प्रेत. भूमिका एवढीशी, पण एन्ट्री कधी चुकली नाही. आज तरी कुठे चुकली होती? चुकल्या होत्या ओकसिमबाई. ज्या वाक्यावर मिठवाला आत येतो, तेच वाक्य त्यांना आठवलं नव्हतं.

अंगणात शेंगा सोलत बसलेली म्हातारी बडबडता बडबडता ते वाक्य बोलते, एवढंच. बाकीची बडबड बाई रोज आपल्या मनाने बदलत. त्यामुळे ते नेमकं कधी येणार याकडे मानबोकशिवाय कुणाचं लक्ष नसे. आज ती जागा आली आणि डोक्यात नुसता अंधार. बाई गप्प झाल्या. आणि बाईंचं गप्प होणं म्हणजे काय, विचारू नका! काळ्या-पांढऱ्या सिनेमात नायिका होत्या तेव्हापासून त्याचे गोडवे गायले जात होते. पुढे टीव्हीवर साऱ्या देशाची आई झाल्या, तेव्हाही लोक म्हणायचे, रडावं तर इतरांनी, थांबावं तर बाईंनी. मानबोकला वाटलं, ताई विराम घेतायत. बिचारा अदबीने थांबून राहिला.

आत्ता बोलायला हवं होतं. "नाही रे गिल, माझंच चुकलं," एवढंच. बाईंनी टोपाची पिन काढली आणि म्हणाल्या, "होतं असं कधी कधी."

म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच किळसवाणं वाटलं.

संध्याकाळी सगळी मंडळी गल्लीतल्या खानावळीत जमली. आतल्या खोलीत जमिनीवर बैठक, मुगाची गरम धिरडी, वाडग्यांतून तांदळाची दारू. मानबोकने लेकीला, मिरानला, आधीच बोलावून ठेवलं होतं. आणि लेकीबरोबर तिची सासू, थेट उल्सानहून, खास व्याह्यांचं नाटक बघायला नवा रेशमी हानबोक, तो घोळदार ठेवणीतला पोशाख, घालून आलेली.

विहीणबाई फार गोड बोलल्या. "व्याही, तुम्ही पडद्यामागचं काम करता होय? तेही महत्त्वाचंच असतं हो."

मिरानचं तोंड लालबुंद. ती बापाच्या कानाशी पुटपुटली, पण बाईंना ऐकू आलं. "झोपलात, बाबा? आजच झोप यायची होती? लग्न झाल्यापासून सासरी सांगतेय मी, माझे बाबा नट आहेत म्हणून!"

मानबोक ओशाळं हसला. जेवायच्या काड्यांनी धिरडं फाडलं आणि त्यातला कुरकुरीत तुकडा बाईंच्या ताटलीत ठेवला, दर वेळी ठेवायचा तसाच. बाईंनी तो ताटलीच्या कडेला सारून ठेवला.

गिलने वाडगा उंचावला. "शरदात मोठं नाट्यगृह, आणि मुख्य भूमिकेत आपल्या बाई! काका, तुम्ही आता आराम करा. तुमच्या जागी जागं राहणारा कुणीतरी बघतो."

सगळे हसले. मानबोकही हसला. बाईंनी वाडगा खाली ठेवला.

"मानबोक, ऊठ. बाहेर जाऊन दाराशी उभा राहा. विहीणबाईंनी तुझा प्रवेश पाहिला नाही. आपण करू या."

त्याच्या लगेच लक्षात आलं. "राहू दे ना, ताई. धिरडं गार होतंय."

"जा म्हणते ना!"

दुपारपासून बाई ते वाक्य शोधत होत्या. सापडलं तर त्याचा प्रवेश होईल. नाही सापडलं तर सगळ्यांना खरं कळेल. काहीही झालं तरी त्याच्यावरचा डाग धुतला जाणार होता. मानबोक जाताना बाईंच्या कानाशी वाकला, ओठ हलवू लागला. बाई ओरडल्या, "सांगायचं नाही, खबरदार!"

कागदी दार सरकलं. पलीकडे त्याची सावली उभी राहिली.

बाईंनी भुईमुगाच्या शेंगांची वाटी पुढ्यात ओढली. पहिली शेंग फुटली आणि खोलीत ती गावाकडची म्हातारी येऊन बसली. सुनेला शिव्या, गुडघ्यांचं रडगाणं, विहीणबाई तर खदखदून हसल्या. मग ती जागा आली. बाई थांबल्या.

"बघा," गिल कुजबुजला, "हाच तो बाईंचा विराम."

बाईंच्या हातात शेंग तशीच. गिलचं हसू हळूहळू मावळलं. सावली जागची हलली नाही.

"विराम नाही हा," बाई म्हणाल्या. "मला वाक्य आठवत नाही. दुपारीही आठवलं नव्हतं. मिरान, तुझा बाप झोपला नव्हता गं. तो असाच दाराशी उभा होता. मी बोलावलंच नाही. वर त्याने माझी चूक अंगावर घेतली, आणि मी घेऊ दिली. शरम वाटते मला."

"पण बाई, शरदातलं नाटक..."

"दुसरी बघ, गिल. शब्दच आले नाहीत तर मी काय करू?"

मिरान डोळे पुसत दार उघडायला उठली. विहीणबाईंनी तिचा हात धरला. "थांब. बोलावल्याशिवाय ते आत यायचे नाहीत. नट आहेत ते."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "मानबोक," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. ये रे आत."

मग पलीकडून आवाज आला, म्हाताऱ्या मानबोकचा नव्हे, डोंगर उतरून आलेल्या माणसाचा, दमलेला, खणखणीत. "मीठ घ्या हो, मीठ!"

दार सरकलं. तो ओझ्याखाली वाकून आत आला. पाठीवर काहीच नव्हतं, पण विहीणबाईंनी त्या पोत्याला वाट द्यायला आपला रेशमी घोळ आवरून घेतला.