सुंदराची मशेरी

टोकावड्याच्या कमळाकरने उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. उलट बायकोच्या, सुंदराच्या मशेरीपायी तो जन्मभर तिच्याशी भांडला. पहाटे पडवीतली चूल पेटली, तव्यावर तंबाखू करपू लागली की हा पांघरुणातूनच ओरडायचा, "सगल्या गावाला खोकवशील गो!" ती म्हणायची, "तुमी नाकात कापूस घाला." दिवाळीनंतर ती गेली आणि पहाटे घराला कसलाच वास येईना. तेच त्याला सोसवेना.

मग तो स्वतःच, थंडीमुळे पडवीत न बसता आतल्या चुलीवर, चिमूटभर तंबाखू तव्यावर टाकू लागला. दाताला लावायचा नाही, नुसता बसून राहायचा. धूर उठला की वाटायचं, आत्ता ती येईल, पदराने तवा उतरवेल आणि म्हसा गावच्या जत्रेत आपण तो कशी घासाघीस करून घेतला, ते पुन्हा पहिल्यापासून सांगेल. तेवढा वेळ तो सुखात असायचा, अगदी खरोखर.

त्याच सुमाराला सुनेला, मनालीला, सकाळी मळमळू लागलं. उठली की थेट मोरीकडे. शेजारच्या गुणाबाईने तर पाळण्याची दोरीच वळायला घेतली. "आता आजोबा होनार तुमी, कमळाकरदादा!" कमळाकर हरखला. सुंदरा हवी होती आज, असं म्हणून त्याने डोळेही पुसले.

मुलगा संदेश सकाळीच कामावर जायचा, म्हणून सासराच तिला एसटीने मुरबाडच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नव्हते.

"सकाळी मळमळायला कारणं पुष्कळ असतात," त्या म्हणाल्या. "पित्त होतं का? उपाशीपोटी चहा? रात्री जेवायला उशीर? झोप नीट लागते? एखादी गोळी चालू आहे? कसला उग्र वास, धूर?"

बाकी सगळ्याला मनालीने पटापट उत्तरं दिली. शेवटच्याला अडखळली. मान खाली घालून म्हणाली, "नाय. वास कसलाच नाय."

कमळाकरच्या आत्ता ध्यानात आलं. पोर इतके दिवस ओकत होती आणि सासऱ्याचं घटकाभराचं सुख मोडू नये म्हणून डॉक्टरशीसुद्धा खोटं बोलत होती.

"हाय," तो म्हणाला. "धूर हाय. मीच करतो."

घरी येताच त्याने तवा धुऊन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो सवयीने उठला आणि थंड चुलीपुढे बसला. हातांना काय काम द्यावं ते त्याला कळेना. घर पुन्हा रिकामं झाल्यासारखं वाटलं. एवढ्यात मनाली उठून आली, तोंड धुतलं, आणि मोरीकडे न जाता त्याच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, मी या घरात आले आन् वर्षात आई गेल्या. धड बोलनं नाय झालं आमचं. सांगा ना, कशा होत्या?"

"भांडखोर," कमळाकर म्हणाला, आणि जत्रेतल्या तव्यापासून सांगायला लागला. सुंदरा गेल्यापासून हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.