तोठरा

रेवतीची वही अगदी नीटनेटकी होती आणि तिला त्याचा थोडा अभिमानही होता. तिच्या बाबांना, गुणवंतरावांना, पक्षाघात होऊन दीड महिना झाला होता. घरी ते जे निरर्थक शब्द बोलतील ते लिहून आणा, असं फरीदाबादच्या क्लिनिकमधल्या नीरजने सांगितलं होतं. बोलण्याचे उपचार तोच करत होता. सव्वीस शब्द जमले होते. असे शब्द वाढत गेले, तर बोलण्याचा सराव थांबवून बाबांच्या हाती चित्रांचा तक्ता द्यायचा, बोट दाखवून मागण्यापुरता. तीस वर्षं सरकारी खात्यात टिपणं लिहिलेल्या माणसाला तो तक्ता द्यायचा, हे रेवतीला पटत नव्हतं.

आज ते ठरायचं होतं. नीरजने एक चित्र धरलं. बाबा बराच वेळ ओठ जुळवत राहिले आणि म्हणाले, "सीताफळ."

"सीताफल तो कद्दू होता है, अंकलजी. यह शरीफा है." नीरजने फुली मारली. रेवतीनेही मान डोलावली. ती दिल्लीत वाढलेली, तिला भाजीवाल्याचं सीताफल, म्हणजे लाल भोपळा, तेवढंच ठाऊक.

बाबा लालबुंद झाले. त्यांनी डावा हात तोंडापाशी नेला आणि तळहातावर खोट्याच बिया थुंकल्या. एक, दोन, तीन. मग चित्रावर बोट आपटलं.

भोपळ्याच्या बिया कोण थुंकतं? रेवतीने तिथूनच अहमदनगरला कौशल्याआत्याला फोन लावून चित्रातल्या फळाचं वर्णन केलं.

"अगं, सीताफळच ते," आत्या म्हणाली. "आपण दुसरं काय म्हणतो?"

रेवतीचे कान तापले. आई गेल्यापासून घरातली मराठी 'चलो, जेवून घेऊ'पुरती उरली होती. ती वहीतले शब्द वाचत गेली. सांडशी. फडताळ. हुडहुडी. आत्या अर्थ सांगत गेली, ती ते हिंदीत सांगत गेली आणि नीरज एकेक शब्द खोडत गेला. बावीस शब्द चक्क खरे निघाले. तक्त्याचा विषय तिथेच संपला आणि रेवतीला हायसं वाटलं.

"आता एकच," ती म्हणाली. "हा तर ते रोज म्हणतात. तोठरा."

"कोरडं खाल्लं की घशाला बसतो तो. घास खाली उतरत नाही. का गं?"

तिने नीरजला सांगितलं तसं त्याने पेन खाली ठेवलं. "वजन कम हुआ है?"

चार किलो. बाबा पोळी दूर सारायचे आणि ही म्हणायची, "नखरे नका करू ना, बाबा." मग पुढचा घास भरवायची.

"आज से सूखा कुछ नहीं. पहले निगलने की जांच होगी," नीरज स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवत म्हणाला. "कब से कह रहे हैं ये?"

रेवतीने वही उघडली नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दुपारी तिने स्वतः त्यांना पोळीचा पहिला घास भरवला होता, तेव्हाच ते हा शब्द म्हणाले होते.

"पहले कौर से," ती म्हणाली. बाबांकडे बघायचा तिला धीर झाला नाही.