'सागवानी पेटी'चा दुसरा भाग

"झालं?" सुकरीने विचारले.

"झालं," म्हणत नानाजींनी पुस्तक मिटले.

मूल गावातल्या धान गिरणीच्या आवारात, चिंचेखाली, दुपारच्या सुटीत बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. नानाजी गिरणीच्या वजनकाट्यावर बसत. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचनाचे भारी वेड. गेल्या हिवाळ्यात त्यांनी 'सागवानी पेटी' ही रहस्यकथा वाचून दाखवली, तेव्हा बायांचा घास हातातच राहायचा. बंद खोलीत सावकाराचा खून होतो, गुप्तहेर खिडकीखालच्या पावलांवरून माळ्याला पकडतो आणि शेवटच्या पानावर माळी फासावर जातो. त्या दिवशी भोंगा वाजला तरी कोणी जागचे हलले नव्हते.

म्हणून तर दुसरा भाग निघाल्याचे कळताच नानाजींनी तो नागपूरहून मागवला होता. आणि त्यात काय निघाले? गुप्तहेर विमानाने मुंबईला गेला, हिरेचोरांच्या मागे धावला, तीनदा वेष पालटला आणि पुस्तक संपले.

"पयल्याची सर नाई आली, भाऊ," कमळा म्हणाली. "चार खून झाले, पन एकाचंई भेव नाई वाटलं."

"अन् त्या माळ्याची बायको? तिचं काऊन नाई सांगतलं?" सुकरीने विचारले.

"पुस्तकात तिचं काहीच नाई," नानाजी ओशाळून म्हणाले. जणू ते पुस्तक त्यांनीच लिहिले होते.

"मी सांगू?"

सगळ्यांनी वळून पाहिले. बोलली होती शकुबाई. तांदूळ पाखडणारी, कामापुरते बोलणारी बाई. बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला एका जंगल ठेकेदाराच्या खुनाबद्दल फाशी झाली होती. हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक होते. त्याबद्दल तिला कोणी कधी विचारले नव्हते.

"सांग, बाई," नानाजी म्हणाले.

"खून माळ्यानंच केला. गुप्तहेराचं बरोबर होतं," शकुबाई म्हणाली. "पन पाय कोनाचे, येवढंच त्यानं पाह्यलं. ते पाय तिकडं काऊन गेले, ते नाई पाह्यलं."

"सावकार दर बाजाराले माळ्याले गावाले धाडे. अन् मागं त्याच्या घरी ये. बायकोनं सहा महिने सोसलं, मंग नवऱ्याले सांगतलं. त्याच राती खून झाला. वकील माळ्याले म्हने, कारन सांग, फाशी टळन. तो बोललाच नाई. बोलला असता त तिले कोर्टात उभं राहा लागलं असतं, चारचौघांत."

"अरे देवा," कमळा पुटपुटली.

"ती भेटाले गेली जेलात. नवऱ्याले म्हने, मीच सांगतो सायबाले. त्यानं ओठावर बोट ठेवलं. मंग म्हने, वांग्याले पानी देत जाजो."

नानाजींनी शेकडो रहस्यकथा वाचल्या होत्या. प्रत्येकीत शेवटी खुनी सापडे आणि पुस्तक मिटवता येई. खुनी सापडल्यानंतरही एवढे मोठे रहस्य उरू शकते आणि एक बाई ते बारा वर्षे पोटात ठेवून समोर तांदूळ पाखडत राहू शकते, हे त्यांना कुठल्याच पानावर दिसले नव्हते. ते तिच्याकडे पाहत राहिले. देवळात गाभाऱ्यासमोर उभे राहावे तसे त्यांना वाटत होते.

"मंग?" सुकरीने हलकेच विचारले. "मंग तिचं काय झालं?"

"काय होते? जगली."

"अन् आता काऊन सांगतलं तिनं?"

"तो बोलला नाई तिच्यासाठी. पन लोकं त्याले नुसता खुनी म्हनून राह्यले," शकुबाई म्हणाली. "तेवढं पुरं करा लागत होतं."

भोंगा वाजला. शकुबाईने पदर खोचला आणि सूप उचलले. रोज गिरणीच्या दारात बायांची आत शिरायला रेटारेटी होई. आज सगळ्या दोन्ही बाजूंना सरकून उभ्या राहिल्या. नानाजीही उभे राहिले. मधल्या वाटेने शकुबाई, घाई न करता, एकटी आत गेली.